विश्लेषण : थंडीच्या रात्री सापाला उबेची गरज असते का?

दिवाळी आटोपली, कपाशीची वेचणी सुरू झाली, हरभरा उगवून वर आला, की बुलढाण्यात संध्याकाळी सहानंतर गारठा उतरू लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, घाटाच्या माथ्यावर वसलेले हे शहर विदर्भात उन्हाळ्यातल्या सुसह्य हवेसाठी ओळखले जाते. हिवाळ्यात तीच उंची किमान तापमान १०-१२ अंशांच्या आसपास आणून ठेवते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव पट्ट्यात दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे मात्र शेकोटीशिवाय भागत नाही. दिवस आणि रात्र यांतला फरक १५ अंशांचा सहज होतो.

या दिवसांत एक प्रश्न दोन वेगवेगळ्या घरांतून येतो. पहिले घर सर्पमित्राचे. रात्री नऊ वाजता कुणाच्या तरी गोठ्यातून धामण किंवा घोणस पकडून आणली, आता अंधारात सोडायची कुठे, म्हणून ती प्लास्टिकच्या बरणीत घालून पडवीत ठेवलेली. पहाटे गारठा वाढतो. ती मरणार तर नाही ना? दुसरे घर शहरातल्या हौशी तरुणाचे. मुंबई-पुण्याहून हजारो रुपये मोजून आणलेला बॉल पायथन काचेच्या पेटीत वेटोळे करून बसलेला, आणि खोलीचा पारा उतरलेला. बल्ब लावायचा का? रात्रभर?

प्रश्न एकच असला तरी उत्तरे दोन आहेत. आपल्या रानातल्या सापाला शेगडी, बल्ब, हीटर यांतले काही लागत नाही. त्याला लागते ती त्याची जागा. उष्ण कटिबंधातून आलेल्या परदेशी सापाला मात्र, खोली ठरावीक तापमानाखाली जात असेल, तर रात्रीही ऊब द्यावीच लागते. ती कशी द्यायची हे माहीत नसेल, तर न दिलेल्या उबेपेक्षा दिलेलीच जास्त घातक ठरते.

साप ‘थंड रक्ताचा’ म्हणजे काय?

शाळेत ‘शीत रक्ताचे प्राणी’ असा शब्द शिकवला जातो आणि तो बराच गोंधळ करतो. सापाचे रक्त थंड नसते. भर दुपारी उन्हात पडलेल्या धामणीचे शरीर माणसाइतके गरम असू शकते. फरक उष्णता कुठून येते याचा आहे. माणूस, गाय, उंदीर हे खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर तापते ठेवण्यावर खर्च करतात. साप तो खर्च करतच नाही. त्याची उष्णता ऊन, तापलेला दगड, जमीन यांच्याकडून येते. म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत त्याला साधारण दहावा हिस्सा अन्न पुरते आणि तो काही महिने उपाशी राहू शकतो.

या काटकसरीची किंमत तो थंडीत मोजतो. तापमान १० अंशांनी उतरले की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. स्नायू सुस्तावतात, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पचन थांबते. सापाने उंदीर अख्खा गिळलेला असतो. त्याला विरघळवणारी पाचकद्रव्ये विशिष्ट उबेतच काम करतात. ऊब मिळाली नाही तर तो उंदीर पोटात पचण्याऐवजी सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. अशी उलटी सापासाठी किरकोळ बाब नसते; वारंवार झाली तर जीवावर बेतते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक जण सापाच्या पेटीवर रजई, घोंगडी किंवा पोते टाकतात आणि सोय झाली असे समजतात. रजई उष्णता तयार करत नाही, ती फक्त बाहेर जाणारी उष्णता अडवते. माणूस रजईत गरम होतो, कारण उष्णता तयार करणारी भट्टी त्याच्या शरीरातच आहे. सापाकडे ती भट्टी नाही. त्यामुळे रजईतला साप थोडा उशिरा थंड होतो, इतकेच. पहाटेपर्यंत तो खोलीच्याच तापमानाला येतो. निसर्गात याला एक सुंदर अपवाद आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू थरथरवते आणि त्या हालचालीतून अंडी काही अंशांनी गरम ठेवते. पण तेही अंडी उबवण्यापुरते.

मग रानातले साप थंडी काढतात कशी?

याचे उत्तर बुलढाण्याच्या काळ्या मातीतच आहे. पावसाळा सरला की ही माती सुकते, आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. उंदरांची बिळे, वारुळे, बांधावरच्या दगडांच्या फटी, जुन्या विहिरींच्या कपारी हे सगळे सापांचे हिवाळी मुक्काम.

जमिनीचे गणित मोठे मजेशीर आहे. दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतार जमिनीत जसजसा खाली जातो तसतसा झपाट्याने विरत जातो. वीतभर खोलीवरच तो बराच कमी झालेला असतो आणि दोन-अडीच फुटांवर तो जवळजवळ जाणवत नाही. तिथले तापमान रोजच्या नाही, तर ऋतूच्या लयीने बदलते आणि तेही सावकाश. म्हणून पहाटे वर दहा अंश असताना उंदराच्या खोल बिळातली घोणस चांगल्यापैकी उबेत असते. तिच्याभोवती सहा महिने उन्हाने तापलेल्या मातीचा साठा असतो. असे इन्सुलेशन कुठल्याही काचेच्या पेटीला जमणार नाही.

थंडीतल्या या अवस्थेला सरसकट ‘शीतनिद्रा’ म्हटले जाते. पण बर्फाळ प्रदेशातले काही सस्तन प्राणी जसे महिनोन् महिने गाढ झोपतात, तसे आपल्याकडचे साप झोपत नाहीत. ते सुस्तावतात, खाणे थांबवतात आणि चांगले ऊन पडले की बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकतात. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात साळिंदराच्या बिळांबाहेर ऊन खात पडलेले अजगर हे पर्यटकांचे ठरलेले आकर्षण आहे. आपल्याकडचा हिवाळा तिथल्याइतका कडक नाही, त्यामुळे इथल्या सापांची सुस्तीही तितकी खोल नाही.

घोणशीची तऱ्हा तर उलटीच. थंडीचे महिने हा तिच्या मीलनाचा काळ. नर मादीच्या शोधात फिरतात, दिवसाही दिसतात, उन्हात पडून राहतात. मादी पुढे मे ते जुलैच्या सुमारास थेट पिल्लांना जन्म देते. त्यामुळे ‘थंडी पडली, आता साप नाहीत’ हे वाक्य किमान घोणशीच्या बाबतीत धोकादायक आहे. आणि गारठ्याने मंदावलेल्या सापाचे विष मंदावलेले नसते. पळून जाता येत नाही म्हणून तो जागच्या जागी चावण्याची शक्यता उलट अधिक.

बरणीतला साप

आता सर्पमित्राच्या पडवीकडे वळू. पकडलेल्या सापाला खरा धोका थंडीचा कमी आणि बरणीचा जास्त असतो. बिळातल्या सापाला मातीचा साठा ऊब देतो. प्लास्टिकच्या बरणीतल्या सापाभोवती असते फक्त हवा आणि दीड-दोन मिलिमीटरची भिंत. फरशीवर ठेवलेली बरणी तासाभरात फरशीइतकी थंड होते. साप जितका लहान आणि बारीक, तितका तो लवकर थंड होतो, कारण वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो. कवड्या किंवा मण्यारीचे पिल्लू आणि सहा फुटी धामण यांना एकच नियम लावून चालत नाही.

पण म्हणून बरणीशेजारी शेगडी ठेवणे किंवा वर शंभरचा बल्ब टांगणे हा उपाय नाही. जिल्ह्यात कोंबडीपालन करणारे बरेच आहेत आणि पिल्लांच्या ब्रुडरमध्ये बल्ब लावायची पद्धत सर्वांना माहीत आहे. तीच युक्ती सापाला लावली जाते आणि फसते. कोंबडीच्या पिल्लाला गरम झाले तर ते पळून कडेला जाते. बरणीतल्या सापाला कडच नसते. शिवाय गारठलेला साप तापलेल्या पृष्ठभागावरून वेळेत हटेलच याची खात्री नसते. पोटाचे खवले भाजले तरी तो तिथेच पडून राहिल्याची उदाहरणे साप पाळणाऱ्या देशांतल्या पशुवैद्यकांना नेहमी पाहायला मिळतात. बंद बरणीत तापमान ४० अंशांच्या वर गेले तर काही मिनिटांत साप मरतो. दहा अंशांची एक रात्र धामण निभावून नेते, पंचेचाळीस अंशांचा अर्धा तास नाही.

त्यामुळे करायचे एवढेच. बरणीऐवजी घट्ट शिवलेली सुती पिशवी, ती पिशवी हवेसाठी भोके असलेल्या झाकणाच्या डब्यात, डबा घरातल्या आतल्या खोलीत, फरशीऐवजी लाकडी पाटावर किंवा थर्मोकोलवर. खायला काही नाही. पकडल्यानंतर सापाला उंदीर किंवा अंडे देणे ही माया नव्हे, कारण त्या रात्री ते पचणार नाही. दूध तर कधीच नाही. साप दूध पीत नाही, तहानेने व्याकूळ झालेला साप कोणताही द्रव तोंडात घेतो एवढाच त्या समजामागचा आधार. सकाळी ऊन वर आले की वन विभागाला कळवून, पकडलेल्या जागेपासून जवळच, बिळे आणि आडोसा असलेल्या ठिकाणी सोडून द्यायचे.

‘जवळच’ हा शब्द इथे थंडीशीही जोडलेला आहे. लोकांच्या समाधानासाठी शेतात पकडलेला साप वीस-पंचवीस किलोमीटर दूर, थेट ज्ञानगंगा अभयारण्यात नेऊन सोडण्याची पद्धत सर्रास दिसते. उद्देश चांगला असतो. पण त्या सापाला आपल्या शिवारातली बिळे पाठ असतात. नव्या जागी डिसेंबरच्या रात्री आडोसा शोधत फिरण्याची वेळ त्याच्यावर येते. उघड्यावर गारठलेला साप घार, मुंगूस, रानडुक्कर यांच्या तावडीत सहज सापडतो. बुलढाणा ते खामगाव हा बोथ्याचा रस्ता तर अभयारण्यातूनच जातो. संध्याकाळी डांबर हवेपेक्षा उबदार असते, साप त्यावर येऊन पसरतात आणि गाड्यांखाली जातात. रात्रीची ऊब सापाला हवी असते याचा हा सर्वांत करुण पुरावा रोज रस्त्यावर चिरडलेला दिसतो.

दोन-तीन दिवस, आठवडाभर साप घरी ठेवणारे, वाढदिवसाला गळ्यात घालून रील काढणारेही आहेतच. ‘थंडी आहे, उन्हाळ्यात सोडू’ हे कारण ऐकायला मायेचे वाटते. कायद्याला ते मान्य नाही.

पाळायचा म्हटले तरी पाळता येतो का?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतातला कोणताही रानसाप घरात पाळता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. रानातला प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. पकडणारा सर्पमित्र असला तरी तो मालक होत नाही.

मांडुळाची गोष्ट यात वेगळी काढून सांगायला हवी. जाड, तपकिरी, शेपटी तोंडासारखी बोथट असलेला हा बिनविषारी साप ‘दुतोंड्या’ म्हणून ओळखला जातो. गुप्तधन, औषध, अमुक किलोचा असेल तर लाखो रुपये, अशा थापांवर राज्यभर त्याची तस्करी चालते आणि वजन वाढावे म्हणून त्याचे हाल केले जातात. मांडूळ भुसभुशीत मातीत बुडून राहणारा साप आहे. थंडीत त्याला मातीच उबदार ठेवते. प्लास्टिकच्या टबात, कोरड्या फरशीवर लपवून ठेवलेला मांडूळ ‘ग्राहक’ येईपर्यंत किती रात्री काढतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मग कायदेशीर काय? परदेशी जातींचे, परदेशात पिंजऱ्यात पैदास झालेले साप. यात सर्वाधिक दिसतो तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आपल्या कायद्याच्या नव्या चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने काढलेल्या नियमांनुसार अशा प्राण्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. तो विकला, कुणाला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी कळवावे लागते. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक या यादीत नाही, पण त्याचीही खरेदीची पावती आणि मूळ कागद जवळ असलेले बरे. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून साप घेणे म्हणजे तस्करीच्या साखळीतली शेवटची कडी होणे.

परदेशी सापाची रात्र

बॉल पायथनच्या मूळ प्रदेशात थंडी अशी नसतेच. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश आणि रात्री थोडी उतरण, पण फार वेळ २३-२४ च्या खाली नाही, अशी त्याची गरज मानली जाते. कॉर्न स्नेक त्या मानाने कणखर. दिवसा गरम टोकाला २९-३० अंश मिळाले तर रात्री १८-२० पर्यंतची उतरण तो सहज सोसतो, किंबहुना रात्री थोडे गार होणे हीच त्याची नैसर्गिक लय आहे. म्हणजे ‘सापाला रात्री हीटर लागतो का’ याला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नाही. कोणता साप आणि पहाटे चारला खोलीचे तापमान किती, हे दोन आकडे हातात असले की उत्तर आपोआप मिळते.

दुसरा आकडा मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये बघून चालत नाही. ते तापमान मोकळ्या हवेतले. बुलढाण्यातल्या जुन्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता धरून ठेवतात आणि आतली रात्र बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार असते. सिमेंटच्या स्लॅबचे घर मधल्या घरातले. पत्र्याच्या खोलीत मात्र सूर्य मावळल्यावर तापमान धाडकन खाली येते आणि पहाटे जवळजवळ बाहेरइतके होते. किमान-कमाल नोंद ठेवणारे साधे डिजिटल थर्मामीटर पेटीत आठवडाभर ठेवले तर अंदाज बांधण्याची गरजच राहत नाही.

ऊब द्यायची ठरली तर दोन गोष्टी विसरू नयेत. एक, रात्री प्रकाश नको. सापाला दिवस आणि रात्र यांचा फरक लागतो. रात्रभर पेटलेला लाल बल्बसुद्धा अंधार नव्हे. पेटीखाली किंवा कडेला लावायचे हीट पॅड किंवा प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर यासाठी असतो. दुसरी गोष्ट, आणि यात तडजोड नाही, ती म्हणजे थर्मोस्टॅट. हीट पॅडला तापमान कळत नाही. त्याला फक्त वीज कळते. थर्मोस्टॅटशिवाय लावलेले पॅड काच पन्नास अंशांपर्यंत तापवू शकते आणि वर बसलेला साप भाजतो. कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रात वापरतात तसला साधा डिजिटल कंट्रोलरही हे काम करतो. त्याचा सेन्सर मात्र साप जिथे बसतो त्या तळाशी, घट्ट चिकटवलेला हवा. सेन्सर सैल होऊन पेटीबाहेर लोंबकळला, की खोली थंड आहे असे समजून यंत्र सापाला भाजत राहते. अशा यंत्रणेत नेहमी तिचा सर्वांत स्वस्त भाग घात करतो. पेटीच्या अर्ध्याच भागाखाली पॅड ठेवावे, म्हणजे सापाला नको असेल तेव्हा गार बाजूला सरकता येते. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्मोकोल लावला तर निम्मे काम फुकटात होते.

खर्च म्हणाल तर नगण्य. २० वॉटचे पॅड रात्रीचे १२ तास सलग चालले तरी ०.२४ युनिट, महिन्याला साधारण सात युनिट. खरी अडचण वीज जाण्याची. घरच्या १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट असतात. वयाने आणि वापराने निम्मेच शिल्लक आहेत असे धरले तरी एवढे छोटे पॅड रात्र काढून देते. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवणे हा दोन-तीन तासांचा तात्पुरता उपाय. आणि ज्या आठवड्यात ऊब देण्याची खात्री नाही त्या आठवड्यात खाऊ घालायचे नाही. उपाशी साप थंडी सोसतो, भरल्या पोटाचा नाही.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीशी बुडबुडे, श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे आहेत आणि थंडीत ठेवलेल्या सापांत ती हमखास दिसतात. यावर घरगुती औषध नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक मोजक्या मोठ्या शहरांत मिळतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. ते बुलढाण्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेही जखमी रानप्राण्यांसाठी. हौस म्हणून परदेशी साप घेणाऱ्याने थर्मोस्टॅटच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. जवळचा डॉक्टर किती तासांवर आहे? उत्तर ‘सहा-सात’ असेल तर साप घेऊ नये. कंटाळा आला म्हणून तो ज्ञानगंगेत किंवा अंबाबरव्यात सोडून देणे हा तर गुन्ह्याइतकाच मूर्खपणा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर मोकळे झाले आणि तिथले मध्यम आकाराचे अनेक सस्तन प्राणी जवळजवळ दिसेनासे झाले. आणि असे होणार नसेल, तर तो सोडलेला साप पहिल्याच थंडीत मरेल. दोन्ही शक्यता वाईटच.

रात्री ओलिताला जाणाऱ्याचे काय?

सापाला ऊब लागते या साध्या वस्तुस्थितीची सर्वाधिक किंमत ज्याला मोजावी लागते तो काचेच्या पेटीचा मालक नव्हे. तो रब्बीतला शेतकरी आहे. कृषिपंपांना आलटून-पालटून दिवसा आणि रात्री वीज मिळते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री शेतात जावे लागते. त्या वेळी साप कुठे असतो? जिथे ऊब आहे तिथे. पऱ्हाट्यांच्या ढिगात, सोयाबीनच्या कुटारात, कडब्याच्या गंजीत, विहिरीच्या काठच्या दगडांत, उघड्या राहिलेल्या स्टार्टरच्या पेटीत. बिळात पाणी शिरले तर बांधावर. अंधारात हात नेमका तिथेच जातो.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमधले. उरलेले निम्मे बाकीच्या आठ महिन्यांतले आहेत, हे विसरले जाते. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. गावपातळीवर या लक्ष्याचा अर्थ प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष असणे, ते टोचण्याचा आत्मविश्वास असलेला डॉक्टर असणे, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे असा आहे. सौर कृषी वाहिनीची आश्वासने या शेवटच्या मुद्द्यावर तपासली पाहिजेत. मृत शेतकऱ्याच्या वारसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, त्यात सर्पदंशही येतो. दिवसा पाणी देता आले असते तर त्या अर्जाची वेळ किती घरांवर आली नसती, हा हिशेब महावितरण आणि कृषी विभागाने एकत्र बसून करायला हवा.

तोवर रात्री शेतात जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात चांगला टॉर्च आणि काठी. ढिगात हात घालण्याआधी काठीने ढोसणे. स्टार्टरच्या पेटीचे दार घट्ट लावणे आणि उघडताना आधी उजेड टाकणे. पऱ्हाट्या आणि कुटार घराच्या भिंतीला लागून न रचणे. त्या ढिगात उंदीर येतात, मागोमाग ऊब आणि खाणे दोन्ही शोधत साप. थंडीत जमिनीवर झोपण्याऐवजी खाट बरी, कारण मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत अनेकदा कळतही नाही.

दंश झालाच तर आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही करू नये. चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीने स्थिर करावा, अंगठी, कडे, जोडवी काढावीत, माणसाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिविष एकच आहे.

घरात किंवा गोठ्यात साप दिसला तर वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ आहे. फोन केल्यावर माणूस येईपर्यंत सापावर दुरून नजर ठेवावी, त्याच्या अंगावर पाणी टाकू नये, धूर करू नये. हिवाळ्यातला साप बहुतेक वेळा जागेवरून हलत नाही.